काळं नखुरडं: हचिन्सनची खूण आणि शीर्षकाचा हरवलेला अर्धा भाग

१८८६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लंडनच्या एका सर्जनचा लेख छापून आला. त्याच्या शीर्षकाचं मराठी केलं तर साधारण असं होईल: 'मेलॅनोसिस बऱ्याचदा काळा नसतो: मेलॅनोटिक व्हिटलो'. सर्जनचं नाव जोनाथन हचिन्सन. आज त्वचारोगाच्या पाठ्यपुस्तकात नखाच्या मेलॅनोमाचं, म्हणजे नखातल्या रंगपेशींच्या कॅन्सरचं प्रकरण उघडलं, की 'हचिन्सन साइन' हा शब्द भेटतोच. नखातला काळा-तपकिरी रंग नखाबाहेर, भोवतीच्या कातडीवर उतरलेला दिसला तर सावध व्हा, अशी ती खूण. आणि तिच्या संदर्भासाठी बहुतेक ठिकाणी हाच १८८६ चा लेख दिलेला असतो.

आता गंमत बघा. ज्या लेखाचं शीर्षकच 'बऱ्याचदा काळा नसतो' असं सांगतं, तो लेख आपण काळ्या रंगाच्या खुणेसाठी लक्षात ठेवलाय. अर्धं शीर्षक वापरात राहिलं, अर्धं गळून पडलं. या पोस्टमध्ये मला ते गळणं कसं झालं आणि त्याची किंमत कुणी मोजली, एवढंच सांगायचंय. माझ्या पीएचडीचा विषय निदानाच्या खुणांचा इतिहास आहे, आणि संशोधनाच्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींकडून मला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, 'नव्या रिव्ह्यू पेपरमध्ये सगळं मिळत असताना मूळ लेख कशाला वाचायचा?' त्याला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

आधी शब्दाचं बघू. व्हिटलो म्हणजे आपलं नखुरडं. नखाच्या कडेला सूज येते, ठणकतं, कधी पू होतो, घरी कुणीतरी गरम पाण्यात बोट बुडवायला सांगतं. म्हणजे 'मेलॅनोटिक व्हिटलो' हे 'काळं नखुरडं' झालं. हचिन्सनने हे नाव मुद्दाम निवडलं असावं असं मला वाटतं, कारण त्यात या आजाराचा सगळा धोका भरलेला आहे. कॅन्सर इथे कॅन्सरसारखा येत नाही, नखुरड्यासारखा येतो. रुग्ण ते नखुरडं समजून अंगावर काढतो, आणि डॉक्टरही नखुरडं समजून मलम देतो.

हचिन्सन कोण होता? जन्म १८२८, यॉर्कशायरमधलं सेल्बी गाव, क्वेकर घराणं. पुढे लंडन हॉस्पिटलमध्ये सर्जन. पण नुसता सर्जन म्हणणं अपुरं आहे. डोळे, कातडी, सिफिलिस, मज्जासंस्था, जे दिसेल ते तो टिपून ठेवायचा. 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी' नावाचं नियतकालिक त्याने १८८९ पासून अकरा वर्षं चालवलं आणि त्यातला मजकूर जवळजवळ सगळा त्याचाच. रुग्णांची रंगीत चित्रं काढून घेण्याचा त्याला नाद होता. जन्मजात सिफिलिसमध्ये दिसणाऱ्या खाचेच्या दातांना त्याचं नाव आहे. लहान मुलं अकाली म्हातारी दिसू लागतात त्या प्रोजेरियाचं पहिलं वर्णनही त्याचंच, आणि योगायोग असा की तेही १८८६ मधलं.

नावाचा हा पसारा संशोधन करणाऱ्याला त्रास देतो, ते आत्ताच सांगून टाकतो. डेटाबेसमध्ये 'हचिन्सन साइन' एवढंच टाकलंत, तर निम्मे पेपर डोळ्यांच्या डॉक्टरांचे येतील. चेहऱ्यावर नागीण उठली आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर डोळ्यालाही धोका आहे, या खुणेलाही हचिन्सनचंच नाव आहे. तेव्हा शोधताना सोबत 'नेल' किंवा 'सबअंग्वल' शब्द जोडा.

हचिन्सनच्या आधी काय होतं, ते थोडक्यात. लंडनमध्ये जॉन हंटरने १७८७ साली एका रुग्णाच्या जबड्याजवळची गाठ काढली आणि नमुना जपून ठेवला. ती मेलॅनोमाची होती हे १९६८ मध्ये तपासून कळलं. स्टेथोस्कोपवाला लाएनेक, त्याने १८०४ मध्ये पॅरिसमध्ये या काळ्या गाठींना 'मेलॅनोज' म्हटलं. 'मेलॅनोमा' हा शब्द १८३८ मध्ये रॉबर्ट कार्सवेलने वापरला. या सगळ्या नावांत एक गोष्ट समान आहे. ग्रीक 'मेलास' म्हणजे काळा. आजाराची ओळख रंगावरून, नावही रंगावरून. एकदा नावातच 'काळा' बसला, की जे काळं नाही ते त्या नावाखाली कोण शोधणार? हचिन्सनचं शीर्षक या नावाशीच भांडतंय.

लेखात तो जे सांगतो त्याचा गाभा असा. सुरुवातीला हा आजार नखाच्या जुनाट सुजेसारखा दिसतो. गाठीला स्वतःला काळा रंग असेलच असं नाही. पण कडेला बारीकशी रंगाची रेघ असू शकते, सहज नजरेतून सुटेल अशी. ती त्याने सिल्व्हर नायट्रेटच्या डागासारखी असल्याचं म्हटलंय. आणि अशी शंका आली तर बोट लवकर काढून टाका, हा त्याचा सल्ला.

सिल्व्हर नायट्रेटची उपमा का? कारण त्याच्या वाचकांच्या, म्हणजे सर्जन मंडळींच्या, बोटांवर ते डाग रोज असायचे. जखमेवरचं वाढलेलं मांस जाळायला सिल्व्हर नायट्रेटची कांडी वापरत. कातडीला लागलं की उजेडात ते काळं पडतं आणि धुऊन जात नाही. आपल्याला ही उपमा परकी वाटायचं काहीच कारण नाही. मतदान केल्यावर डाव्या हाताच्या तर्जनीला जी शाई लावतात, तिच्यात हेच सिल्व्हर नायट्रेट असतं. मतदानानंतर आठवडाभराने आपलं बोट नीट बघा. कातडीवरचा डाग फिकट होत आलेला असतो, पण नखाच्या कडेला, क्युटिकलपाशी, एक काळपट-तपकिरी रेघ रेंगाळत असते. १८८६ चा वाचक ते वाक्य वाचताना डोळ्यांपुढे जे आणत होता, ते साधारण हेच.

शाईच्या डागावरून आणखी एक गोष्ट समजते. नखावरचा डाग नखाबरोबर पुढे सरकतो. हाताचं नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं सुमारे १ मिलिमीटर. त्यामुळे शाई काही महिन्यांत टोकाला पोचते आणि आपण ती नेलकटरने कापून टाकतो. दारात बोट चेमटून नखाखाली रक्त साकळलं तरी तेच होतं. डाग पुढे सरकतो आणि मागे मुळाशी स्वच्छ नख उगवतं. मेंदीचा रंगही असाच निघून जातो. मात्र रंग जर नखाच्या मुळातल्या पेशीच तयार करत असतील, तर नख कितीही वाढलं तरी पट्टा मुळापासून टोकापर्यंत तसाच राहतो, कारण कारखाना मागे चालूच आहे. या उभ्या पट्ट्याला वैद्यकीय भाषेत लाँजिट्युडिनल मेलॅनोनिकिया म्हणतात. डाग सरकतोय की पट्टा टिकून आहे, हा ओळखण्यातला पहिला फाटा. अर्थात पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि शंका असताना तेवढं थांबणं परवडणारं नाही. म्हणून डॉक्टर ठरावीक अंतराने फोटो काढून मोजतात, डर्मोस्कोप नावाच्या भिंगातून बघतात, आणि संशय उरला तर नखाच्या मुळाची बायोप्सी करतात. मुळाची, पट्ट्याच्या टोकाची नव्हे. पट्टा ही नुसती सावली आहे. वस्तू मागे, क्युटिकलच्या खाली आहे.

मग शीर्षकाचा अर्धा भाग हरवला कसा?

माझं मत सांगतो. खूण वापरायला सोपी असेल तर ती टिकते. 'कडेला काळी रेघ दिसली तर कॅन्सरचा संशय घ्या' हे वाक्य विद्यार्थ्याला पाठ होतं, परीक्षेत लिहिता येतं. 'बऱ्याचदा काळा नसतो' हे वाक्य मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही, कारण ते काय शोधायचं हे सांगत नाही. कशावर विसंबू नका, एवढंच सांगतं. त्यातून पाठ्यपुस्तकं पाठ्यपुस्तकांवरून लिहिली जातात. प्रत्येक पिढीने मागच्या पिढीचा सारांश घेतला आणि संदर्भ म्हणून १८८६ चा लेख तसाच पुढे ढकलला. संदर्भयादीत शीर्षक पूर्ण छापलेलं असतं, हे यातलं सगळ्यात मजेशीर. शंभर वर्षं ते डोळ्यांसमोर आहे.

याची किंमत खरी आहे. नखाच्या मेलॅनोमांपैकी पाचवा हिस्सा ते तिसरा हिस्सा गाठींत रंग नसतो किंवा नगण्य असतो, असे आकडे वैद्यकीय लेखांत येतात. तिथे दिसतं ते काय? एकाच नखावर न भरणारी जखम, लालसर मांसल वाढ, नख चिरत जाणं, उचकटणं, रक्त येणं. नखुरडं, चामखीळ, बुरशी, आत रुतलेलं नख अशी निदानं होत राहतात. 'काळं नाही, म्हणजे ते नाही' असं डोक्यात पक्कं असेल, तर हा रुग्ण महिनोन् महिने मलम लावत राहतो. आणि मेलॅनोमात वेळेचा हिशेब मिलिमीटरमध्ये होतो. गाठ कातडीत किती खोल गेलीय यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ही जाडी मोजायची पद्धत अलेक्झांडर ब्रेस्लो याने १९७० मध्ये मांडली.

दुसरं कारण रंगाचंच आहे, पण रुग्णाच्या कातडीच्या रंगाचं. हचिन्सनचे बहुतेक रुग्ण गोरे इंग्रज होते. गोऱ्या माणसाच्या नखात काळा पट्टा ही तशी दुर्मीळ गोष्ट, त्यामुळे तो दिसला की नजर जाते. आपल्याकडे? आपल्या ओळखीतल्या चार सावळ्या माणसांची नखं बघा, एकाच्या तरी दोन-तीन नखांवर फिकट तपकिरी उभे पट्टे सापडतील. अमेरिकेत १९३२ साली मोनॅश नावाच्या संशोधकाने काळ्या लोकांच्या नखांतला नैसर्गिक रंग या विषयावर लेख लिहिला. १९७२ मध्ये लेडन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न पुन्हा तपासला. तेव्हापासून उद्धृत होणारा आकडा असा, की विशी ओलांडलेल्या ७७ टक्के आफ्रिकन-अमेरिकन माणसांच्या नखांत असे पट्टे असतात आणि पन्नाशीनंतर जवळपास सगळ्यांच्या. जपानी लोकांत १० ते २० टक्के.

म्हणजे एका लोकसंख्येत जी धोक्याची घंटा, ती दुसरीकडे रोजचं दृश्य. यातून दोन उलट चुका होतात. एक, सावळ्या माणसाच्या प्रत्येक पट्ट्याला घाबरायचं. दोन, आणि ही जास्त घातक, 'यांच्यात असतातच पट्टे' म्हणून प्रत्येक पट्टा सोडून द्यायचा. तिसरी एक समजूत या दोन्हींच्या मागे उभी असते, की मेलॅनोमा हा गोऱ्यांचा, उन्हाचा आजार आहे, सावळ्यांना होत नाही.

या समजुतीला वर्गीकरणानेही हातभार लावला. वॉलेस क्लार्क आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मेलॅनोमाचे जे प्रकार मांडले त्यात तळवे, तळपाय आणि नखाखालचा मेलॅनोमा असा वेगळा कप्पा नव्हता. १९७६ मध्ये रिचर्ड रीड याने तो वेगळा केला. आज त्याला ॲक्रल लेंटिजिनस मेलॅनोमा म्हणतात. सावळ्या आणि काळ्या लोकांत मेलॅनोमाचा हाच मुख्य प्रकार. म्हणजे जगातल्या बहुसंख्य माणसांना ज्या रूपात हा आजार गाठतो, त्या रूपाला स्वतःचं नाव मिळायला १९७६ उजाडलं. कप्पा नसेल तर मोजणी नाही, मोजणी नसेल तर 'होत नाही' असं म्हणायला मोकळे. पुढे २००५ मध्ये कर्टिन आणि सहकाऱ्यांनी जनुकीय पातळीवरही दाखवलं, की हा प्रकार उन्हाने होणाऱ्या मेलॅनोमापेक्षा वेगळ्या वाटेने जातो.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, बॉब मार्लीच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा सापडला. जमैकाचा हा गायक फुटबॉलवेडा होता आणि अंगठ्याची जखम खेळातली समजली गेली होती. निदान झाल्यावर डॉक्टरांनी अंगठा काढायचा सल्ला दिला. मार्लीने नकार दिला. त्याच्या रास्ताफारी श्रद्धेचा यात वाटा होता असं सांगितलं जातं. नख आणि नखाखालचा भाग काढून तिथे कातडी लावली. आजार पसरला आणि ११ मे १९८१ रोजी मायामीत तो गेला. वय ३६.

या गोष्टीचा उपयोग लोक 'फुटबॉलच्या जखमेमुळे कॅन्सर झाला' असा करतात. इथे जरा थांबा. नखाच्या मेलॅनोमाचे रुग्ण मार लागल्याचं आवर्जून सांगतात हे खरं आहे. पण अंगठ्याला मार कुणाला लागत नाही? ज्याला आजार झाला तो कारण शोधत मागे जातो आणि त्याला मार आठवतो. ज्याला झाला नाही त्याला आठवायची गरजच पडत नाही. संशोधनाच्या भाषेत याला रिकॉल बायस म्हणतात, आणि तुमच्या प्रवेशपरीक्षेत यावर प्रश्न आला तर हे उदाहरण खुशाल वापरा. माराने हा कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही. मात्र 'मार लागलाय' या आठवणीने निदान लांबतं. रुग्ण शांत राहतो, डॉक्टरही शांत राहतो.

असाच एक सापळा टक्केवारीत आहे, आणि त्यात चांगले चांगले अडकतात. गोऱ्या लोकांत एकूण मेलॅनोमांपैकी नखाचे साधारण १ ते ३ टक्के. आशियाई आणि काळ्या लोकांत हेच प्रमाण १५-२० टक्क्यांच्या आसपास जातं. वाचून कुणालाही वाटेल, सावळ्या माणसाला नखाचा मेलॅनोमा कितीतरी पट जास्त होतो. तसं नाही. भागाकाराचा खालचा आकडा बघा. गोऱ्यांत उन्हाने होणारे मेलॅनोमा प्रचंड, म्हणून नखाच्या वाट्याला टक्के कमी. आपल्याकडे ते उन्हाचे मेलॅनोमाच थोडे, म्हणून नखाचा टक्का फुगतो. दर लाख माणसांमागे मोजलं तर नखाचा मेलॅनोमा सगळीकडेच दुर्मीळ आहे आणि वंशावंशांतला फरक तेवढा मोठा नाही. पेपरमध्ये टक्केवारी दिसली की 'कशाच्या टक्के?' हे समासात लिहायची सवय लावून घ्या.

या गोंधळातून वाट काढायचा प्रयत्न २००० साली झाला. लेव्हिट आणि सहकाऱ्यांनी नखांसाठी एबीसीडीईएफ नियम मांडला. कातडीवरच्या तिळांसाठी १९८५ मध्ये न्यू यॉर्कच्या डॉक्टरांनी एबीसीडी नियम आणला होता, हा त्याचा नखांसाठी केलेला अवतार. ए म्हणजे वय, साधारण पन्नाशी ते सत्तरीच्या आसपासचा काळ, आणि त्यातच आफ्रिकन-अमेरिकन, आशियाई, मूळ अमेरिकन हे गट. बी म्हणजे तपकिरी-काळा पट्टा, रुंदी ३ मिलिमीटर किंवा जास्त, कडा अस्पष्ट. सी म्हणजे पट्ट्यात होणारा बदल, किंवा उपचार करूनही न झालेला बदल. डी म्हणजे बोट कोणतं: हाताचा अंगठा, पायाचा अंगठा, तर्जनी यांचा नंबर आधी, आणि अनेक नखांपेक्षा एकाच नखावरचा पट्टा जास्त संशयास्पद. ई म्हणजे रंग नखाबाहेर पसरणं, म्हणजेच आपली हचिन्सनची खूण. एफ म्हणजे स्वतःला किंवा घरात कुणाला मेलॅनोमा झालेला असणं.

यादी उपयोगी आहे, नाकारत नाही. सावळ्या वाचकाला 'ए'मध्येच सामावून घेतलंय, हेही महत्त्वाचं. पण आता आपण शीर्षक वाचलंय, त्यामुळे एक गोष्ट लगेच खटकते. बी आणि ई दोन्ही रंगावर उभ्या आहेत आणि सीसुद्धा त्या पट्ट्याबद्दलच बोलतो. रंगच नसलेली गाठ या गाळणीतून बऱ्यापैकी आरामात निसटते.

आणि खुद्द ती खूणही नेहमी खरं बोलत नाही. फ्रान्सचे नखतज्ज्ञ रोबेर बारां आणि अमेरिकेतले पॉल केचिजियान यांनी १९९६ मध्ये तिचा पुन्हा हिशेब मांडला. क्युटिकल पातळ आणि पारदर्शक असेल तर खालच्या नखाचा रंग वरून दिसतो आणि कातडी काळी झाल्याचा भास होतो. सावळ्या माणसाच्या बोटांना तिथे मुळातच गडद रंग असू शकतो. काही औषधांनी, काही निरुपद्रवी आजारांनीही तसं होतं. याला खोटी हचिन्सन खूण म्हणतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, केमोथेरपीची काही औषधं, एचआयव्हीवरचं झिडोव्हुडिन यांनीही नखं काळपट होतात. पण तेव्हा सहसा एकाऐवजी अनेक नखं रंगलेली असतात. उलट बाजूही आहे. नखाखालचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आणि त्याची सुरुवातीची पायरी असलेला बोवेनचा आजार हे रंगपेशींचे कॅन्सर नाहीतच, तरी ते कधी कधी काळा पट्टा उमटवतात. एरवी ते चामखीळ किंवा चिवट नखुरड्याच्या रूपात वर्षानुवर्षं राहतात, आणि त्यांच्यात एचपीव्ही-१६ हा विषाणू वारंवार सापडतो. थोडक्यात, काळं ते सगळं मेलॅनोमा नाही, मेलॅनोमा तो सगळा काळा नाही, आणि काळा पट्टा देणारा कॅन्सर मेलॅनोमाच असेल असंही नाही. (कुणाच्या एकाच नखावर नवा किंवा रुंद होत जाणारा पट्टा असेल, किंवा काही आठवड्यांत न भरलेलं नखुरडं असेल, तर ब्लॉग बंद करून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. इथे वाचून निदान होत नाही.)

हचिन्सनचं कौतुक करताना त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर इतिहास न राहता आरती होईल. हाच बारीक नजरेचा माणूस आयुष्यभर एक सिद्धांत उराशी धरून होता: नासके, नीट न खारवलेले मासे खाल्ल्याने कुष्ठरोग होतो. नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ मध्येच कुष्ठरोगाचे जंतू पाहिले होते, तरी हचिन्सन मागे हटला नाही. पुरावा गोळा करायला तो दक्षिण आफ्रिकेला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातही येऊन गेला. मासे न शिवणाऱ्या लोकांनाही इथे कुष्ठरोग होतो, हा आक्षेप त्याला ठाऊक होता. तरी १९०६ मध्ये 'ऑन लेप्रसी अँड फिश-ईटिंग' हे पुस्तक आलंच. नखाच्या बाबतीत त्याने सर्वमान्य नावाविरुद्ध आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. माशांच्या बाबतीत डोळ्यांपुढे आलेलं सिद्धांतात बसवायची खटपट केली. माणूस तोच. मला तर वाटतं की नखाबद्दल त्याच्याकडे सिद्धांतच नव्हता, म्हणून त्याला नीट दिसलं. यावर तुमचं मत वेगळं असेल तर कॉमेंटमध्ये जरूर लिहा.

शेवटी कामाची माहिती. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'चे जुने अंक स्कॅन होऊन पबमेड सेंट्रलवर मोफत उपलब्ध आहेत. १८८६ च्या पहिल्या खंडात ४९१ व्या पानावर हा लेख सुरू होतो. विद्यापीठाचं लॉगिनही लागत नाही. यातून कुणाला विषय सुचलाच आणि भारतातल्या जुन्या रुग्णालयांच्या नोंदवह्यांत असे रुग्ण शोधायचे झाले, तर 'मेलॅनोमा' शब्द घेऊन बसू नका, हाती फारसं लागणार नाही. त्या काळचे शब्द वेगळे: मेलॅनोसिस, मेलॅनोटिक सार्कोमा, फंगस. आणि 'व्हिटलो, बोट काढलं' अशी नोंद दिसली तर तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा, कारण साध्या नखुरड्यासाठी सहसा कुणी बोट काढत नाही. कदाचित जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला असेल. कदाचित नसेलही.